घोट्यापर्यंतचे ट्रेकिंग बूट आणि पाठीवरची बॅग: पावसाळ्यापासून आतापर्यंतचा अनुभव

बूट पावसाळ्याच्या तोंडावर घेतले, आता उन्हं तापायला लागली तरी पायात आहेत. चिखलदरा, गाविलगड आणि नरनाळा हे किल्ले आणि मधल्या दिवसांत तुरीचं वावर, सगळीकडे वापरले. पहिल्यांदा डोंगर चढायला निघालेली गावातली पोरं "काय काय घ्यायचं?" विचारत असतात, म्हणून सविस्तर लिहितो.

खर्च करायचाच तर बुटांवर करा. मोबाइलवर सापडणाऱ्या याद्या बहुतेक सह्याद्रीच्या, नाहीतर हिमालयाच्या. त्यात कुसळाचं, म्हणजे गवताच्या टोकदार, शेपटीवाल्या बीचं, नावही नसतं. आपल्या सातपुड्यात दिवाळीनंतर पायाचा खरा वैरी तोच. जाळीच्या स्पोर्ट्स शूजमधून हवा जाते तसं कुसळही जातं. वाळलेलं एक कुसळ तळहातावर घेऊन त्यावर पाण्याचा थेंब टाका, शेपटीचा पीळ सुटत ते हळूहळू फिरायला लागतं. मोज्यात घामाने ओलं झालं की हेच होतं आणि टोक आत आत जातं. माझ्या बुटांचं वरचं कापड जाड, घट्ट विणीचं आहे. कुसळ बाहेरच अडतं, दगडात घोटाही मुरगळत नाही. जाड कापडाने पाय तापतात, हे मात्र खरं. दुपारी सावलीत बसलं की बूट-मोजे काढून पाय मोकळे करावेच लागतात.

बूट संध्याकाळी, जाड मोजे घालूनच पाहा, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. ती चढताना जाणवत नाही, पण उतरताना बोटं पुढे आपटली की नख काळं पडतं. सोलच्या खोल खाचा उतारावर चांगल्या धरतात, पण काळ्या मातीत त्याच खाचा भरतात आणि प्रत्येक बूट किलोभर जड होतो. हिवाळ्यात चवड्याकडचा गोंद सुटला. दुकानदाराने हात वर केले. शेवटी बाजारातल्या बूट दुरुस्तीवाल्याकडून चौफेर शिवून घेतलं, तेव्हापासून टिकलंय. ओले बूट चुलीजवळ वाळवू नका, गोंद लवकर जातो. आत पेपर कोंबून सावलीत ठेवा.

कपड्यांवर जास्त डोकं लावू नका. जीन्स घरीच राहू द्या, भिजली की जड होते आणि वाळता वाळत नाही. गुळगुळीत, घट्ट विणीची फुलपँट आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट पुरे. जर्सीच्या कापडाला कुसळ असं चिकटतं की घरी येऊन तासभर वेचत बसावं लागतं. दुपट्टा मात्र विसरू नका. डोक्याला, मानेला, घाम पुसायला तोच. चिखलदरा हजार मीटरच्या वर आहे, खाली परतवाड्यात शर्टावर भागलं तरी वर डिसेंबरची सकाळ स्वेटर काढू देत नाही.

बॅग पंचवीस लिटरची आहे, एका दिवसाला पुरते. तिच्यासोबत आलेलं पावसाचं कव्हर काही कामाचं नाही, पाठीच्या बाजूने पाणी आत येतंच. मी खताच्या थैलीतलं आतलं प्लास्टिक स्वच्छ धुऊन बॅगेत घातलं, त्यात मोबाइल आणि कोरडे मोजे ठेवतो. आजवर थेंब गेला नाही. जेवण त्याच प्लास्टिकमध्ये ठेवू नका, ते डब्यातच न्या.

पाणी माणशी तीन लिटर. वर पाणी मिळेल या भरवशावर राहू नका, झरे हिवाळ्यातच आटू लागतात. एक लिटर पाण्याला चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचाच अर्धा चमचा मीठ असं घरीच करून नेतो. खायला भाकर-ठेचा, गूळ-फल्लीदाणे आणि हंगामात संत्री. बिस्किटं तोंड कोरडं करतात.

नरनाळा व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत येतो. शहानूरहून वन खात्याच्या परवानगीने, उजेडातच जायचं, म्हणून ओळखपत्र जवळ ठेवा. अंगाला सेंट मारू नका, कड्या-बुरुजांवर आग्या मोहळं असतात. एप्रिल-मेमध्ये नवख्याने जाऊच नये. तेव्हा खाली पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो आणि पानगळीच्या सागाखाली सावलीही मिळत नाही.

बूट पुन्हा घेईन, पण आधीच शिवलेल्या सोलचे. बॅग दुसरी बघेन.