इंग्रजी वाचन-लेखन शिकवण्यासाठी तीन मोफत साधने: एक परीक्षण

इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी इंटरनेटवर साहित्याची वाण नाही. अडचण आहे ती निवडीची. पुष्कळशी संकेतस्थळे उताऱ्याखाली चार पर्यायांचे प्रश्न देऊन थांबतात आणि शिकणारा अंदाजाने खुणा करत पुढे सरकतो. वाचलेल्या मजकुरातून स्वतःचे वाक्य लिहिण्यापर्यंत जे साधन नेते तेच शिक्षकाच्या खऱ्या उपयोगाचे, अशी माझी धारणा आहे. त्या कसोटीवर रीडवर्क्स, लेक्सट्यूटरवरील व्होकॅबप्रोफाइल आणि केंब्रिजचे राइट अँड इम्प्रूव्ह ही तीन साधने मी येथे पारखली आहेत.

रीडवर्क्स ही अमेरिकेतील ना-नफा संस्था असून तिचे उतारे इयत्तेनुसार लावलेले आहेत. अनेक उताऱ्यांना ध्वनिमुद्रण जोडलेले आहे, तर काहींची सोपी आवृत्तीही मिळते, त्यामुळे एकाच वर्गातील कच्चे आणि पक्के विद्यार्थी एकाच विषयावर बोलू शकतात. तेथील रोज एक छोटा लेख वाचण्याचा उपक्रम मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण त्यात वाचून झाल्यावर विद्यार्थ्याने लक्षात ठेवण्याजोगे काय कळले ते आपल्या वहीत लिहायचे असते. प्रश्नाचे उत्तर शोधण्यापेक्षा हे अवघड आहे आणि म्हणूनच उपयुक्त आहे. मात्र उतारे अमेरिकी शाळांसाठी लिहिलेले असल्याने इयत्तेचा आकडा डोळे झाकून स्वीकारू नये. इंग्रजी नव्याने शिकणाऱ्याला आपल्या वयाच्या इयत्तेचा उतारा झेपेलच असे नाही.

तो झेपेल की नाही हे ताडण्यासाठी व्होकॅबप्रोफाइल हाताशी असावे. टॉम कॉब यांच्या लेक्सट्यूटर या संकेतस्थळावरील या साधनात उतारा चिकटवला की शब्द रंगीत होऊन समोर येतात: इंग्रजीतील सर्वाधिक वापराचे पहिले हजार शब्द निळे, पुढचे हजार हिरवे, शैक्षणिक लेखनातले पिवळे आणि या याद्यांबाहेरचे लाल. कोणाच्या मदतीशिवाय वाचून नीट समजण्यासाठी उताऱ्यातील सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात, असे हू आणि नेशन या भाषा-संशोधकांच्या २००० सालच्या अभ्यासात दिसले. म्हणजे २०० शब्दांच्या उताऱ्यात अनोळखी शब्द चारच परवडतात. लाल रंग पाहून लगेच उतारा बाद करण्याचे कारण नाही, कारण व्यक्तींची आणि गावांची नावेही लाल होतात. ती वगळून जे उरेल ते आधी फळ्यावर घ्यावे. पानाची मांडणी जुनाट आणि गजबजलेली आहे, त्यामुळे हे साधन शिक्षकाने स्वतः वापरावे, विद्यार्थ्यांपुढे उघडू नये.

लेखनासाठी राइट अँड इम्प्रूव्ह मला सरस वाटते. दिलेल्या विषयावर मजकूर लिहून पाठवला की काही सेकंदांत त्याची पातळी ए१ (अगदी नवशिकी) ते सी२ (सर्वांत वरची) या युरोपीय मापावर कळते आणि वाक्यांमागे रंग चढतो. रंग जितका गडद तितके वाक्य सुधारण्याची गरज अधिक. ‘शी गो टू स्कूल’ अशा वाक्यात क्रियापदाकडे बोट दाखवले जाते, विद्यार्थी ते सुधारून पुन्हा पाठवतो, आणि प्रत्येक फेरीची नोंद आलेखात राहते. शिक्षकाच्या लाल खुणांनी भरलेली वही घडी घालून ठेवली जाते, पण येथे सुधारलेला मसुदा लगेच पुन्हा तपासून मिळत असल्याने पुनर्लेखन हा शिकण्याचाच भाग होतो. ज्यांच्या मातृभाषेत उपपदे नाहीत त्यांना ‘अ’ आणि ‘द’ यांचा सराव करण्यासाठी याचा विशेष उपयोग आहे.

तरीही वाक्याचा रंग म्हणजे लेखनाचे मूल्य नव्हे. मांडलेला विचार पटण्याजोगा आहे का, उदाहरण विषयाला धरून आहे का, हे माणसानेच वाचून सांगायला हवे. त्याहून मोठा धोका असा, की रंग फिका राहावा म्हणून विद्यार्थी छोटी, बिनधोक वाक्येच लिहू लागतो आणि ‘बिकॉज’, ‘ऑल्दो’ यांसारख्या शब्दांनी दोन विचार जोडण्याचे धाडस सोडून देतो. यावर उपाय म्हणून शिक्षकाने पहिला आणि शेवटचा असे दोन्ही मसुदे मागून घ्यावेत आणि पहिल्यातील एखादे धाडसी पण चुकलेले वाक्य शेवटच्यातून गायब झाले असेल तर ते विद्यार्थ्यासोबत बसून दुरुस्त करावे, गाळू देऊ नये. विषय रीडवर्क्सवर त्याच आठवड्यात वाचलेल्या लेखातून दिला तर लिहायला सामग्रीही हाती असते आणि नव्या शब्दांना पहिल्यांदाच काम मिळते.

ज्यांची अक्षरे आणि ध्वनी यांचीच सांगड अजून बसलेली नाही त्यांना यांपैकी एकही साधन स्वतंत्रपणे देऊ नये. त्यांच्यासाठी स्टारफॉल या संकेतस्थळावरील ध्वनी आणि अक्षरांचे खेळ अधिक योग्य आहेत. मात्र ते लहान मुलांसाठी रचलेले असल्याने प्रौढांना शिकवताना त्यातील ध्वनींचा क्रम तेवढा उचलावा आणि शब्द त्यांच्या रोजच्या कामातले घ्यावेत.