डेटाबेसची कनेक्शन-मर्यादा वाढवायची की कनेक्शन पूल लावायचा?

दादरच्या एखाद्या दुकानाची ऑर्डर घेणारी साइट दिवसभर नीट चालते आणि संध्याकाळच्या गर्दीत मध्येच एरर देते. रिफ्रेश केलं की पुन्हा सुरू. सर्व्हरच्या लॉगमध्ये (नोंदींमध्ये) ‘टू मेनी कनेक्शन्स’, म्हणजे डेटाबेसशी एकाच वेळी जास्त कनेक्शन्स (जोडण्या) झाली असं दिसलं, तर दोन वाटा आहेत.

एक, डेटाबेसची कनेक्शन-मर्यादा वाढवणं. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ती मुळात १५१ असते आणि चालू सर्व्हरवरच बदलता येते. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये १००, आणि तिथे रीस्टार्ट लागतो. गणपतीच्या तोंडावर ऑर्डरी अडल्या असतील तर हे जरूर करा. पण कोडमध्ये कुठे कनेक्शन उघडून बंद केलं जात नसेल, तर नवी मर्यादाही भरेल.

दुसरी वाट कनेक्शन पूलची: मोजकी कनेक्शन्स उघडी ठेवून तीच फिरवून वापरायची. माझा कौल यालाच. पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनला वेगळी प्रोसेस देतं, म्हणून कनेक्शन्स कमी म्हणजे मेमरीवरचा ताणही कमी. शिवाय जावातल्या हिकारीसीपीसारख्या पूलमध्ये लीक, म्हणजे घेऊन परत न केलेली कनेक्शन्स, शोधण्याची सोय चालू केली, की कनेक्शन अडवून बसलेला कोड लॉगमध्ये दिसतो.

पूलची एक खोच मात्र सांभाळावी लागते. मायएसक्यूएल रिकामं बसलेलं कनेक्शन २८,८०० सेकंदांनी, म्हणजे ८ तासांनी तोडतं. पूलला ते कळलं नाही, तर सकाळच्या पहिल्याच ग्राहकाला एरर येते. म्हणून पूलमधल्या कनेक्शनचं आयुष्य त्याहून कमी ठेवा. हिकारीसीपीत ते मुळातच ३० मिनिटं असतं. ॲपचे सर्व्हर एकाहून जास्त असतील तर सगळ्यांच्या पूलची बेरीज डेटाबेसच्या मर्यादेत बसते ना, तेही तपासा.