बालसंग्रहालय, विज्ञान केंद्र की घरचा पसारा?

बालसंग्रहालय आणि विज्ञान केंद्र या दोन्हींना आपण सरसकट 'म्युझियम' म्हणतो. पण दोघांचा पिंड वेगळा आहे, आणि मुलाला कुठे न्यायचं हे त्यावरच ठरतं.

बालसंग्रहालय वयावर बेतलेलं असतं. जगातलं पहिलं १८९९ साली ब्रुकलिनमध्ये सुरू झालं. पुढे १९६२ मध्ये मायकेल स्पॉक बोस्टनच्या बालसंग्रहालयाचे संचालक झाले आणि त्यांनी काचेच्या कपाटांमागच्या वस्तू मुलांच्या हातात आणल्या. आज बालसंग्रहालयांत पाण्याची टेबलं, लुटुपुटीचं दुकान, चढायच्या जाळ्या अशा गोष्टी दिसतात. 'आज काय शिकलास?' असं संध्याकाळी विचारलंत तर धड उत्तर मिळणार नाही. ओतणं, ढकलणं, दुसऱ्या मुलाकडून बादली मिळवणं हाच तिथला अभ्यास. साधारण दोन ते सात वर्षांच्या मुलासाठी मी डोळे झाकून हेच निवडेन. दहा वर्षांचं मूल मात्र तिथे लवकर कंटाळतं.

विज्ञान केंद्र विषयावर बेतलेलं असतं. १९६९ साली भौतिकशास्त्रज्ञ फ्रँक ओपेनहायमर यांनी सॅन फ्रान्सिस्कोत एक्स्प्लोरेटोरियम उघडलं, तेव्हा प्रदर्शनातल्या मांडण्या बनवण्याची कार्यशाळाही लोकांना दिसेल अशी ठेवली. आठ वर्षांपुढच्या, 'असं का?' म्हणून मागे लागणाऱ्या मुलाला ही जागा मानवते. पण सगळी केंद्रं सारखी नसतात. लंबकाचंच बघा. बटण दाबलं की आपोआप हलणारा लंबक मूल तीन सेकंद बघतं आणि पळतं. दोरी लांब-आखूड करता आली, वजन बदलता आलं, तर वजनाने झोक्याच्या वेळेत फरक पडत नाही पण लांबीने पडतो, हे त्याचं त्यालाच सापडतं. दोरी चौपट केली की एका झोक्याला दुप्पट वेळ लागतो. म्हणून तिकीट काढण्याआधी फोटो नीट पाहा: नुसती बटणं आणि पडदेच दिसले तर मी जाणार नाही.

तिसरा पर्याय घरचा. बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ, एक स्क्रू-ड्रायव्हर, जुनी चादर. (सेल आधी काढून टाका. मायक्रोवेव्ह किंवा जुना डबा टीव्ही मात्र उघडू देऊ नका, प्लग काढला तरी आतल्या भागांत धोकादायक विद्युतभार उरू शकतो.) घरी घाई नसते, अर्धवट राहिलेलं काम उद्या पुढे नेता येतं. संग्रहालयात ही सोय नाही. उलट बाजू म्हणजे पसारा आणि मोठ्या माणसाचा वेळ. शिवाय अनोळखी मुलांची सोबत घरी मिळत नाही.

दोन्ही वयांची भावंडं असतील तर दोघांना एकाच ठिकाणी ओढू नका, दिवस वेगळे करा. जवळपास बालसंग्रहालय असेल तर एका दिवसाच्या तिकिटापेक्षा वर्षाचा पास बरा पडतो. लहान मुलं एकाच टेबलाशी चार-चार खेपा रमतात. आणि जाताना कपड्यांचा एक जोड जास्तीचा घ्या.