कवितेची कार्यशाळा: हातात माती की नजर खिडकीबाहेर?

गट नवखा असेल तर मातीच बरी. प्रत्येकाच्या तळहातावर ओला गोळा, 5 मिनिटं नुसतं हाताळणं, मग 10 मिनिटं लेखन. विशेषणं बंद, फक्त नामं आणि क्रियापदं. ‘नखात अडकली’, ‘वाळली तशी तडकली’ अशा ओळी येऊ लागतात. फळ्यावर नुसतं ‘माती’ लिहिलंत, तर मात्र सगळे ‘काळी आई’वर घसरतात.

दिवास्वप्नाची वाट निसरडी. वही मिटून 10 मिनिटं खिडकीबाहेर बघायचं, मग न थांबता 7 मिनिटं लिहायचं. सुरुवातीला डोक्यात कामांची यादीच फिरते, म्हणून ही 10 मिनिटं कापू नका. हाती येतं ते विस्कळीत, पण त्यातली एखादी प्रतिमा माती चिवडून सापडली नसती. मोठ्या गटात हे फसतं, कुणीतरी खुसखुसतंच.