ग्वाल्हेरात बसून पंचतारी बॅन्जो: मोफत व्हिडिओ-धड्यांचा दीड वर्षाचा अनुभव

बॅन्जो म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मिरवणुकीतला, टाइपरायटरसारखी बटणे असलेला बुलबुलतरंग उभा राहतो. त्याचा पूर्वज जपानचा, 1912 साली गोरो मोरिता यांनी नागोया येथे तयार केलेला ताइशोगोतो. मी ज्याविषयी लिहीत आहे तो बॅन्जो निराळा आहे: अमेरिकेतला, पाच तारांचा, गोल कड्यावर डफासारखे चामडे ताणलेला आणि लांब दांडीचा. हे वाद्य मी गेल्या दीड वर्षात ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घरी बसून, शिकवणीला एक रुपयाही न देता, वाजवायला शिकले. ज्यांना असे काही शिकायचे आहे, परंतु गावात शिक्षक मिळत नाही म्हणून ज्यांनी विचार सोडून दिला आहे, त्यांच्यासाठी हे सविस्तर परीक्षण.

शिक्षक मिळत नाही हे ग्वाल्हेरविषयी लिहिताना थोडे विचित्र वाटते. 1914 सालचे शंकर गांधर्व महाविद्यालय आणि 1918 सालचे माधव संगीत महाविद्यालय याच शहरातले. सतार, सरोद, तबला, गायन यांपैकी काहीही शिकायचे असेल तर येथे जाणता माणूस दोन गल्ल्यांच्या अंतरावर असतो. पाच तारांच्या बॅन्जोसाठी मात्र मला चौकशी करूनही कोणी भेटले नाही. मी शाळेत असताना सहा वर्षे सतार शिकले होते, त्यामुळे समोर बसून घेतलेली तालीम कशी असते हे मला ठाऊक आहे, आणि या धड्यांचे मोजमापही मी त्याच तालमीच्या फूटपट्टीने केले आहे.

मुख्य अभ्यासक्रम म्हणून मी एली गिल्बर्ट यांची ‘30 डेज ऑफ बॅन्जो’ ही यूट्यूबवरील मालिका निवडली. नावाप्रमाणेच 30 दिवसांसाठी 30 धडे, नवशिक्यांसाठी, तीन बोटांच्या पद्धतीचे. ही पद्धत 1940च्या दशकात अर्ल स्क्रग्ज यांच्यामुळे सर्वत्र पोहोचली आणि आज बॅन्जो म्हणताच जो झरझर वाहणारा नाद आठवतो तो तिचाच. मला त्या 30 दिवसांना साडेचार महिने लागले आणि त्यात काही गैर झाले असे मला वाटत नाही. सतारीवर पहिल्या साडेचार महिन्यांत मी ‘दा रा’ आणि चार पलटे यांच्या पुढे गेले नव्हते. एका दिवसाला एकच लहान गोष्ट हाती द्यायची, तिच्यावरच थांबायचे आणि विद्यार्थ्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावेसे वाटेल इतकेच पुढे जायचे, ही शिकवण्याची जुनी व खरी रीत आहे. ती पडद्यावरून आपल्यापर्यंत इतक्या नीट पोहोचेल अशी माझी अपेक्षा नव्हती. इंग्रजी उच्चार सुरुवातीला जड गेले, तेव्हा मी खाली उमटणारी अक्षरे चालू ठेवली. व्हिडिओची गती निम्मी करता येते आणि तरी सूर बदलत नाही, ही सोय तर मी जवळजवळ प्रत्येक धड्यात वापरली.

पहिल्याच आठवड्यात जो साक्षात्कार झाला तो तारा जुळवताना. या पद्धतीत बॅन्जो बहुतेक वेळा ‘ओपन जी’ या मेळात लावतात. जी हा षड्ज मानला, तर चौथी तार मंद्र पंचमाची, तिसरी षड्जाची, दुसरी शुद्ध गंधाराची आणि पहिली मध्य पंचमाची होते. म्हणजे डाव्या हाताने काहीही न दाबता नुसता हात फिरवला तरी सा, ग, प वाजतात. उरली पाचवी तार. ती इतर तारांपेक्षा आखूड असते, पाचव्या पडद्यापाशी (पडदा म्हणजे दांडीवरची आडवी पट्टी) सुरू होते, तिची खुंटी वर टोकाला नसून दांडीच्या मध्येच बाजूला बसवलेली असते आणि ती तार षड्जाला मिळवलेली असते. पहिल्या धड्यांत या तारेचे वर्णन ऐकताना मी बुचकळ्यात पडले होते. आमच्या शेजारी एक काका राहतात, त्यांनी तरुणपणी बरीच वर्षे सतार वाजवली आहे. त्यांनी बॅन्जो हातात घेतला, अंगठ्याने ती आखूड तार दोनदा छेडली आणि म्हणाले, “अगं, ही तर चिकारी आहे. नाव तेवढे दुसरे.” चिकारी म्हणजे सतारीची षड्जाला लावलेली, सुरावटीच्या मागे वाजत राहणारी तार. त्या एका वाक्याने माझा उजवा हात मार्गाला लागला. अंगठा त्या तारेकडे पुन्हा पुन्हा का परततो, सुरावट चालू असताना वरचा षड्ज मागे का तेवत राहतो, हे मला मग वेगळे समजावून घ्यावे लागले नाही.

चामड्यावर घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती उभी पट्टी) ठेवलेले तंतुवाद्यही आपल्या शहराला परके नाही. जीवाजी गंजात सरोदवादक उस्ताद हाफिज अली खाँ यांच्या घराण्याचे राहते घर आज ‘सरोद घर’ नावाचे संग्रहालय आहे, आणि तेथील सरोद पाहिलेल्या माणसाला बॅन्जोची रचना समजायला वेळ लागत नाही. बॅन्जोची मुळे पश्चिम आफ्रिकेत आहेत. गुलाम म्हणून अटलांटिकपार नेलेल्या माणसांनी भोपळा, चामडे आणि दांडी यांची तेथल्या वाद्यांसारखी वाद्ये नव्या भूमीवर पुन्हा घडवली. सेनेगल व गांबिया भागातील जोला लोकांच्या अकोंटिंग या तीन तारांच्या वाद्यातही अंगठ्याची एक आखूड तार आहे. आजच्या बॅन्जोवर चामड्याऐवजी बहुधा प्लॅस्टिकचा पडदा असतो, त्यामुळे पावसाळ्यात तो सैल पडत नाही.

उजव्या हाताचे काम नख्यांचे आहे. अंगठ्याला प्लॅस्टिकची आणि तर्जनी व मधल्या बोटाला धातूच्या पत्र्याची नखी चढवायची, आणि तीन बोटांनी आठ स्वरांची अखंड माळ ओवायची. या माळांना ‘रोल’ म्हणतात. एका रोलमध्ये अंगठा, तर्जनी, अंगठा, मधले बोट असा क्रम येतो, तर दुसऱ्यात तीन बोटांचे चक्र सतत पुढे जाते आणि आठ मात्रा 3, 3 व 2 अशा विभागल्या जातात. केरव्याच्या आठ मात्रा ज्यांच्या अंगात मुरलेल्या आहेत त्यांना ही विभागणी आधी अडखळवते आणि मग फार आनंद देते. मी दोन महिने रोज सकाळी टाळी देत ती तोंडाने म्हटली आणि नंतरच हात लावला.

आता उणिवेकडे येते. व्हिडिओ शिकवू शकतो, पण ऐकू शकत नाही. माझे सतारीचे गुरुजी आतल्या खोलीत चहा घेत असताना तेथूनच “मनगट सोड” असे सांगत, कारण ताठ मनगटाचा आवाज त्यांच्या कानाला वेगळा लागत असे. मी बॅन्जोवर सहा आठवडे मनगट ताठ ठेवून वाजवत होते आणि पडद्यावरचा कोणताही शिक्षक, तो कितीही जाणकार असला तरी, मला ते सांगू शकत नव्हता. दुसरी अडचण अशी की एका धड्याच्या शेजारी दहा निराळे धडे दिसतात, प्रत्येकाची पद्धत वेगळी, आणि आज हा तर उद्या तो असे करत अनेकांचा अभ्यास विस्कटतो. मी एका वेळी एकच मालिका पुरी करायची असे ठरवले म्हणून निभावले. काही शिक्षक सविस्तर साहित्य सशुल्क सभासदांसाठी ठेवतात, ते योग्यच आहे. मोफत भाग मात्र स्वतःच्या पायावर उभा आहे की केवळ आमिष आहे, हे पाहून मगच त्याच्यामागे वर्षभराचा वेळ घालावा.

न ऐकणाऱ्या शिक्षकाची ही उणीव माझ्यासाठी भरून काढली ती माणसांनी. बॅन्जो हँगआउट हा जगभरच्या बॅन्जोवादकांचा इंटरनेटवरचा जुना समूह आहे, त्याचे सभासदत्व मोफत आहे आणि सभासद तेथे आपले वादन ऐकवतात, एकमेकांना स्वरलेखन देतात. माझा तेथला पहिला प्रश्न वाद्याच्या सुराविषयी होता. ज्या दुकानातून मी बॅन्जो मागवला होता त्यांनी घोडी निराळ्या कागदात गुंडाळून पाठवली होती, पण ती कोठे उभी करायची याची चिठ्ठी ठेवली नव्हती. बॅन्जोची घोडी चिकटवलेली नसते, केवळ तारांच्या दाबाने उभी राहते. मी ती अंदाजाने लावली. सुट्या तारा सुरात वाजत, परंतु दांडीवर जसजसे पुढे जावे तसतसे सगळे बेसूर होई, आणि मी तीन आठवडे स्वतःच्या बोटांना दोष देत राहिले.

शेवटी मी 40 सेकंदांचे ध्वनिमुद्रण पाठवले. सकाळी उठले तर उत्तरे आली होती. एका निवृत्त गृहस्थांनी लिहिले होते की तिसऱ्या तारेला बाराव्या पडद्याच्या बरोबर वर बोट केवळ टेकवून सूर काढा, मग तेथेच तार दाबून सूर काढा, आणि दोन्ही एकच आहेत का ते सांगा. माझा दाबलेला सूर चढा होता. याचा अर्थ घोडी दांडीच्या जवळ आली आहे. वरच्या टोकाच्या खाचेपासून बाराव्या पडद्यापर्यंत जेवढे अंतर, तेवढेच तेथून घोडीपर्यंत हवे. मी टेप घेऊन मोजले तर घोडी सुमारे 6 मिलिमीटर पुढे होती. तारा थोड्या सैल करून, घोडीचे पाय दोन्ही हातांनी धरून ती अगदी हळू मागे सरकवली, पुन्हा पुन्हा सूर तपासला आणि जुळल्यावर घोडीच्या पायांशी, ताणलेल्या प्लॅस्टिकवर, पेन्सिलीने खुणा केल्या. त्या गृहस्थांनी आपल्या बॅन्जोवरच्या अशाच खुणांचे छायाचित्र पाठवले होते. ती सकाळ माझ्या लक्षात राहिली आहे, कारण त्या दिवशी मला माझे वाद्य प्रथमच सुरात ऐकू आले.

मनगटाचा दोषही तेथेच सापडला. पोळ्यांच्या डब्याला मोबाइल टेकवून मी उजव्या हाताचे चित्रण केले, आणि अंगठ्यापासून कोपरापर्यंत सगळे कसे आवळलेले आहे हे एका बाईंनी दोन ओळींत दाखवून दिले. समूहाचे म्हणणे नेहमी एकमुखी नसते, हेही सांगितले पाहिजे. अनामिका आणि करंगळी दोन्ही चामड्यावर टेकवावीत की एकटी करंगळी पुरे, यावर मला एकाच दिवशी दोन ठाम व परस्परविरोधी उत्तरे मिळाली. मी दोन्ही पद्धती प्रत्येकी आठवडाभर करून पाहिल्या आणि सध्या करंगळीवर स्थिरावले आहे. पण वयाच्या पन्नाशीत चुका करणाऱ्या माणसाशी कोणी तुसडेपणाने बोलले असे दीड वर्षात एकदाही घडले नाही.

बॅन्जोचे स्वरलेखन, ज्याला ‘टॅब’ म्हणतात, ते पाच आडव्या रेषांवर आकडे मांडून केलेले असते: रेषा म्हणजे तार, आकडा म्हणजे पडदा आणि शून्य म्हणजे सुटी तार. भातखंडे पद्धतीत आपण स्वर वाचतो, टॅबमध्ये बोटाची जागा वाचतो. हे सोपे आहे आणि म्हणूनच धोक्याचे आहे, कारण कान बाजूला ठेवूनही माणूस पानभर वाजवू शकतो. माझा आग्रह असा की धून आधी गुणगुणता यावी, टॅब नंतर उघडावे.

गेल्या हिवाळ्यात समूहातल्या अमेरिकेतल्या काही जणांनी ऑनलाइन थेट भेटी सुरू केल्या. त्यांची रात्रीची साडेआठची वेळ म्हणजे आपली सकाळची सात, आणि जानेवारीत ग्वाल्हेरच्या त्या वेळी धातूच्या नख्या इतक्या गार असतात की त्या आधी शालीत धरून ऊब द्यावी लागते. एका भेटीत मला माझ्याकडचे काही वाजवायला सांगितले. मी भूप वाजवला, कारण ओपन जी मेळात त्याचा आरोह जणू आधीच मांडून ठेवलेला आहे: तिसरी तार सुटी, मग दुसऱ्या पडद्यावर, दुसरी तार सुटी, पहिली सुटी, मग तिच्या दुसऱ्या पडद्यावर आणि शेवटी अंगठ्याची आखूड तार. सा रे ग प ध सां. त्यांनी टॅब मागितले, मी त्याच सकाळी लिहून पाठवले. पुढच्या आठवड्यात केंटकीतल्या एका आजोबांनी तो आरोह वाजवून दाखवला. धैवतावर ते जरा घाईने पुढे जात होते, तेव्हा तेथे थोडे थांबा असे मी त्यांना सांगितले.