टीव्ही सेवा बदलताय? रेकॉर्डिंगची मर्यादा आधी नीट मोजा

सेवा बदलताना चॅनेलची यादी आणि महिन्याचं बिल सगळेच पाहतात. रेकॉर्डिंगबद्दल मात्र माहितीपत्रकात एखादीच ओळ असते. एक कंपनी ‘१ टीबी’ म्हणते, दुसरी ‘५० तास’ आणि तिसरी ‘अमर्याद’. एकीने जागा मोजली, दुसरीने वेळ, तिसरीने काहीच नाही. तुलना करायची तर आधी हे सगळं एका मापात आणायला हवं.

सेट-टॉप बॉक्समधल्या हार्ड डिस्कपासून सुरुवात करू. त्यात किती तास मावतील हे चित्राच्या दर्जावर ठरतं आणि हिशोब अवघड नाही. प्रसारण सेकंदाला ८ मेगाबिटने येत असेल, तर तासाला ३.६ जीबी जागा जाते. म्हणजे १ टीबीत साधारण पावणेतीनशे तास. तेच एचडी चॅनेल १५ मेगाबिटने येत असेल तर दीडशेही भरत नाहीत आणि २५ मेगाबिटच्या फोर-के चित्राला नव्वद तासही मिळत नाहीत. उलट अडीच मेगाबिटच्या साध्या एसडी चित्राचे जवळजवळ नऊशे तास बसतात. म्हणून माहितीपत्रकात तास दिले असतील तर ते एसडीचे की एचडीचे, हे विचाराच. शिवाय डिस्क पूर्ण आपल्या वाट्याला येत नाही. थेट कार्यक्रम थांबवण्या-मागे नेण्यासाठी आणि बॉक्सच्या सॉफ्टवेअरसाठी काही जागा आधीच बाजूला काढलेली असते.

क्लाउडवर, म्हणजे रेकॉर्डिंग बॉक्सऐवजी कंपनीच्या सर्व्हरवर राहतं तिथे, जागेचा प्रश्न कंपनीचा, पण म्हणून तो सुटलेला नसतो. अमेरिकेत केबलव्हिजन कंपनीच्या अशा सेवेवर कॉपीराइटचा खटला झाला. २००८ साली अपील न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. त्यात एक मुद्दा महत्त्वाचा ठरला: प्रत्येक ग्राहकासाठी वेगळी प्रत बनते आणि ती त्यालाच दाखवली जाते. एकच सामना लाख जणांनी रेकॉर्ड केला आणि प्रत्येकाची प्रत वेगळी ठेवायची म्हटलं, तर साठवणुकीचा खर्च किती वाढेल याची कल्पना येते. तासांची मर्यादा किंवा मुदत घातली की हा खर्च आटोक्यात राहतो.

‘अमर्याद’ या शब्दाच्या बाबतीत मुदत हीच खरी मर्यादा असते. यूट्यूब टीव्ही या अमेरिकेतल्या सशुल्क सेवेवर हवं तितकं रेकॉर्ड करता येतं, पण प्रत्येक रेकॉर्डिंग नऊ महिन्यांनी पुसलं जातं. मालिका आठवड्याभरात पाहून संपवणाऱ्या घराला याचा काही त्रास नाही. पण घरातल्या कुणाची मुलाखत, पुन्हा कधी प्रसारित होईल याची खात्री नसलेली एखादी मैफल, असं काही जपून ठेवायचं असेल तर नऊ महिने म्हणजे काहीच नाही. अशा घराने डिस्कचाच बॉक्स घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे ‘पुसू नका’ अशी खूण केलेलं रेकॉर्डिंग डिस्क बिघडेपर्यंत किंवा बॉक्स परत जाईपर्यंत आपलं असतं.

डिस्क भरल्यावर काय होतं हेही विचारून घ्या. काही बॉक्स सगळ्यात जुनं रेकॉर्डिंग आपोआप पुसतात, काही नवं रेकॉर्डिंगच करत नाहीत. मला पहिला प्रकार जास्त घातक वाटतो, कारण काय गेलं हे उशिरा कळतं.

एकाच वेळी किती चॅनेल रेकॉर्ड होतील हे बॉक्समध्ये ट्यूनरच्या, म्हणजे चॅनेल पकडणाऱ्या भागांच्या, संख्येवर ठरतं. क्लाउडला ती अडचण सहसा नसते, पण एका वेळी किती पडद्यांवर पाहता येईल यावर बंधन असतं. चार जणांच्या चार आवडी असलेल्या घराला क्लाउड सोयीचा. मात्र पाहताना इंटरनेट लागतंच आणि ८ मेगाबिटच्या चित्राला तेच तासाला ३.६ जीबी खर्च होतात. डेटावर मर्यादा असेल तर हा हिशोब विसरू नका. काही सेवांमध्ये रेकॉर्डिंगमधल्या जाहिराती वगळून पुढे जाता येत नाही, तेही तपासा.

आणि कुठलीही सेवा निवडली तरी जुनी रेकॉर्डिंग बरोबर येतील असं धरून चालू नका. बॉक्सला बाहेरून जोडलेल्या डिस्कवरची फाइल सहसा त्याच बॉक्सशी कुलूपबंद असते. दुसऱ्या बॉक्सला लावली तर तो आधी फॉरमॅट करायला सांगतो. क्लाउडवरचं रेकॉर्डिंग खातं बंद झालं की त्याबरोबर नाहीसं होतं. त्यामुळे जुनी सेवा बंद करण्याची तारीख सुरू असलेल्या मालिका संपल्यानंतरची ठेवा आणि शक्य असेल तर काही आठवडे दोन्ही सेवा चालू राहू द्या. बॉक्स परत देण्याआधी ठरवून ठेवलेल्या रेकॉर्डिंगच्या यादीचा फोटो काढा, कारण ती सगळी यादी नव्या सेवेत हाताने भरावी लागते.