टारझन बघायचाय, पण कुणाचा?

घरातल्या पोरांना टारझन दाखवायचा, किंवा लहानपणी अर्धवट बघितलेला आता एकदा नीट बघायचा, असं मनात आलं की पहिला प्रश्न येतो नटाचा. १९१८ च्या मूकपटातल्या एल्मो लिंकनपासून २०१६ च्या अलेक्झांडर स्कार्सगार्डपर्यंत इतक्या जणांनी ही भूमिका केली आहे की सुरुवात कुठून करावी ते कळत नाही. गेल्या पावसाळ्यात बारा वर्षांच्या भाच्याला सोबत घेऊन दर रविवारी एक याप्रमाणे मी बरेच टारझन बघितले. शेवटी माझी निवड तिघांवर आली: जॉनी वाइसमुलर, गॉर्डन स्कॉट आणि ख्रिस्तोफर लँबर्ट.

वाइसमुलरला टाळून पुढे जाताच येत नाही. बहुतेकांच्या मनातला टारझन तोच आहे. ऑलिंपिकची पाच सुवर्णपदकं, १९२२ मध्ये शंभर मीटर अंतर एका मिनिटाच्या आत पोहणारा जगातला पहिला माणूस, आणि त्यानंतर १९३२ ते १९४८ या काळात टारझनचे बारा सिनेमे. पण हे आकडे विसरून त्याला फक्त पाण्यात बघा. मी गावाकडे विहिरीत पोहायला शिकलो. डोकं आणि छाती पाण्याच्या वर ठेवून इतक्या वेगाने जाणं काय असतं, हे अंगाला ठाऊक आहे. तो नदीत सूर मारतो तेव्हा माझे डोळे पडद्यावरून हलत नाहीत. जमिनीवर तो थोडा संथ वाटतो, पाण्यात मात्र त्याला तोड नाही. त्याची ती आरोळी भाच्याने आठवडाभर घरात दिली, शेजारच्या काकूंनी विचारपूस करेपर्यंत.

तरीही मी त्याला पहिला नंबर देऊ शकलो नाही, आणि त्याचं कारण एकच आहे. त्याचं बोलणं.

‘मी टारझन, तू जेन’ हे वाक्य १९३२ च्या सिनेमात मुळात नाही. तिथे तो बोटाने खुणावत नुसती दोन नावं पुन्हा पुन्हा म्हणतो. त्या प्रसंगात ते सुंदरही आहे, कारण माणसाची भाषा तो पहिल्यांदाच ऐकतोय. पण पुढे? मॉरीन ओ’सलिव्हनची जेन सहा सिनेमे त्याच्यासोबत राहते. झाडावर घर होतं, मुलगा येतो. १९४२ च्या सिनेमात तर हा माणूस कोट घालून न्यूयॉर्कला जातो आणि मुलाच्या ताब्यासाठी कोर्टात उभा राहतो. तिथेही त्याची वाक्यं तुटकच. दहा वर्षं गेली आणि क्रियापदाला प्रत्यय लागला नाही.

हे मला फार बोचलं, त्याला कारण आहे. नोकरीमुळे मी चार वर्षं चेन्नईत होतो. गेलो तेव्हा तमिळचा एक शब्द येत नव्हता. सहा महिन्यांत भाजीवाल्या अम्मांशी भाव करू लागलो, वर्षभरात घरमालकांशी पाण्यावरून वाद घालता आला. मी काही भाषांचा हुशार विद्यार्थी नव्हे. रोज माणसांत राहणाऱ्या कुणाचंही हेच होतं. मग प्रेमाची बायको, बोलका मुलगा घरात असताना दहा वर्षं दोन शब्दांवर कोण थांबेल? थांबलेला दाखवायचा तर त्याची बुद्धी कमी आहे असंच सुचवल्यासारखं होतं.

आणि मूळ टारझन तर तसा नाहीच. एडगर राइस बरोज यांनी १९१२ मध्ये मासिकात लिहिलेला टारझन आईबापांच्या ओसाड झोपडीतली चित्रांची पुस्तकं उघडून स्वतःच्या स्वतः वाचायला शिकतो. पानावरची अक्षरं त्याला आधी बारीक किड्यांसारखी वाटतात. पुढे द’आर्नो नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याकडून तो फ्रेंच बोलू लागतो. गुरूशिवाय अक्षरओळख करून घेणारा तो पोरगा हा मला त्या कथेचा गाभा वाटतो. वाइसमुलरच्या सिनेमांनी नेमका तोच सोडून दिला.

एक सावधगिरी पालकांसाठी. १९३४ च्या सिनेमात पाण्याखालचा एक नग्न पोहण्याचा प्रसंग आहे. तेव्हा तो कापला गेला होता, नंतर परत जोडला गेला. शिवाय त्या काळच्या या सिनेमांत आफ्रिकन हमाल मरतात आणि कथा थांबतही नाही. मुलांसोबत बघत असाल तर त्यावर बोलावं लागेल. मी बोललो, आणि भाच्याला ते बरोबर कळलं.

आता स्कॉट. हा लास व्हेगासच्या एका हॉटेलात जीवरक्षक होता. दंड असे की सुरुवातीला मला वाटलं, नुसता आखाड्यातला गडी दिसतोय. १९५५ पासूनचे त्याचे पहिले सिनेमे बघितले तर तुमचंही तेच मत होईल, कारण तिथेही टारझन तुटकच बोलतो. ते सोडून द्यायला हरकत नाही. पण निर्माता बदलला आणि १९५९ मध्ये जॉन गिलरमिन यांच्या दिग्दर्शनाखाली ‘टारझन्स ग्रेटेस्ट ॲडव्हेंचर’ आला. त्यात हाच नट पूर्ण, शांत, विचार केलेली वाक्यं बोलतो. त्याला कुणी मुद्दाम समजावून सांगितलेलं नाही की हा आता का बोलतो. तो फक्त बोलतो, आणि ते इतकं स्वाभाविक वाटतं की आधीची सगळी वर्षं कुणीतरी त्याचं तोंड दाबून ठेवलं होतं असं वाटावं.

केनियात चित्रित झालेली ही गोष्ट अगदी सरळ आहे. हिऱ्यांच्या खाणीकडे नदीतून निघालेली गुन्हेगारांची टोळी, आणि मागे एका होडीतून टारझन. जेन नाही. चिता माकड सुरुवातीला जरा दिसतं, मग कथेतून जातं. खलनायक अँथनी क्वेल, आणि त्याच्या टोळीत शॉन कॉनरी, बाँड होण्याच्या तीन वर्षं आधीचा. इथे टारझन दमतो, त्याला लागतं, तो चुकतोही. वाइसमुलरला बघताना काही होणार नाही याची खात्री असते. स्कॉटची मला काळजी वाटली. सिनेमा संपल्यावर भाच्याने आरोळी दिली नाही, आफ्रिकेचा नकाशा मागितला. माझ्याकडे याहून चांगलं मोजमाप नाही.

लँबर्ट या दोघांपेक्षा अभिनयात सरस आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. १९८४ च्या ‘ग्रेस्टोक’मध्ये भाषा शिकणं खरोखर दाखवलंय. इअन होमचा द’आर्नो एकेक शब्द उच्चारतो आणि लँबर्ट तो आधी नुसता आवाज म्हणून उचलतो, अर्थ मागाहून येतो. मी तमिळ अशीच शिकलो. लँबर्टची दृष्टी फार अधू आहे, आणि चष्म्याविना त्याच्या नजरेत जो दूरचा भाव येतो तो या भूमिकेला शोभतो. आजोबा झालेल्या राल्फ रिचर्डसन यांची ही अखेरच्या कामांपैकी एक भूमिका. ते चांदीच्या तबकावर बसून जिन्यावरून घसरतात तो प्रसंग मी विसरणार नाही. पण सिनेमा दोन तासांहून मोठा आणि फार दुःखी आहे. वानरांचे हाल बघून भाचा मध्येच उठून गेला. मोठ्यांनी एकट्याने बघावा असा आहे.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. हर्मन ब्रिक्सने १९३५ मध्येच, बरोज यांच्या स्वतःच्या कंपनीसाठी ग्वाटेमालात जाऊन, सुशिक्षित टारझन केला होता. पण ध्वनिमुद्रण इतकं खराब आहे की त्याचं चांगलं बोलणं ऐकू येता येता राहतं, याचं वाईट वाटतं. दूरचित्रवाणीवरचा रॉन एली स्वतःच्या उड्या स्वतः मारायचा, तोही नीट बोलतो. आपल्याकडचं म्हणाल तर मुंबईच्या वाडिया मूव्हीटोनने १९३७ मध्येच जॉन कावस यांना घेऊन टारझन आणला होता. १९८५ चा हेमंत बिर्जे अनेकांना आठवत असेल. तो लहान मुलांसाठी नाही.

जॉक महोनीचं नाव मात्र स्कॉटनंतर लगेच घेईन. १९६२ मध्ये तो टारझन म्हणून भारतात आला. सोबत फिरोज खान आणि तरुण सिमी गरेवाल. धरणाच्या पाण्याखाली दरी जाणार, त्यातून हत्तींचा कळप वाचवायचा अशी गोष्ट. जुन्या सिनेमांत आपल्याच हत्तींना मोठे खोटे कान लावून आफ्रिकन केलेलं असे, आणि ते चटकन ओळखू येई. इथे हत्ती आपल्या कानांनिशी, आपल्या रानात आहेत. महोनी चाळिशी ओलांडलेला, सडसडीत. आणि तोही पूर्ण वाक्यं बोलतो.

तेव्हा घरात दहा-बारा वर्षांचं पोर असेल तर १९५९ चा स्कॉट आधी लावा, पुढच्या रविवारी महोनी. वाइसमुलर तिसरा ठेवा. तोवर पोराला टारझन बोलतो हे ठाऊक झालेलं असेल, मग त्याला फक्त पोहताना बघू द्या.